वर बघ

ठसका लागला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "वर बघ, वर बघ!" मग पाठीवर थाप, टाळूवर टपली, कुणीतरी धावत पाण्याचा तांब्या आणतं. "कोण आठवण काढतंय एवढी?" असंही विचारून होतं. माझ्या भावाला ठसका लागला की आई त्याची हनुवटी धरून मान मागे न्यायची आणि छताकडे बोट करायची, "ती बघ, चिमणी!" नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांच्या छताला चिमणी कुठली असणार? पंखा होता. त्यालाच तिनं चिमणी करून टाकलं होतं.

हे सगळंच उलटं होतं, हे आम्हाला कळलं तेव्हा भाऊ ३७ वर्षांचा होता.

घरात त्याला बाळ म्हणतात. यंदा बाळ ४३ चा झाला, दाढी पांढरी व्हायला लागली, तरी बाळच. जन्मल्यावर तो उशिरा रडला. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं स्नायूंवर ताबा न राहणं, हा शब्द आमच्या घरात आला तो तो दोन वर्षांचा झाल्यावर. त्याआधी "जरा उशिरा धरेल मान" एवढंच ऐकू यायचं. बोलत नाही, चालत नाही. हो म्हणायचं असेल तर डोळे वर नेतो. नको असेल तर ओठ मिटतो. त्याच्या प्रमाणपत्रावर अपंगत्वाचे टक्के लिहिलेत, हातपाय किती कामाचे ते लिहिलंय. त्याला गिळता किती येतं, याला त्या कागदावर जागा नाही.

खरं तर सुरुवातच तिथून झाली होती. जन्मल्या जन्मल्या त्याला दूध ओढता येईना. आजीनं सराफ बाजारातून घेतलेलं माझं चांदीचं बोंडलं पुन्हा बाहेर काढलं. मांडीवर आडवं घ्यायचं, बोंडल्याची चोच ओठाच्या कोपऱ्यात ठेवायची आणि धार सोडायची. तसा तो जगला. बोंडल्यानंतर वाटी-चमचा आला, मांडी जाऊन उशी आली, पण आडवं पडून, मान मागे, वरून घास, ही पद्धत तीच राहिली. चिऊचा घास, काऊचा घास, हम्माचा घास. लहान मूल काऊ बघायला मान वर करतं तेवढ्यात आई घास सारते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. धडधाकट मुलाला चालून जातं. पण ज्याच्या जिभेला आणि घशाला एकमेकांचं ऐकू येत नाही, त्याच्यासाठी तो काऊ महागात पडतो.

का ते सांगते. मला स्वतःला पन्नाशी गाठेपर्यंत माहीत नव्हतं. आपल्या गळ्यात श्वासनलिका पुढे आणि अन्ननलिका मागे. म्हणजे घासाला हवेचा रस्ता ओलांडूनच जावं लागतं, रेल्वेचं फाटक ओलांडावं तसं. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळा. पुढची गाठ वर जाऊन खाली येते ना? तेवढ्या वेळात स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावरची झडप मिटते, श्वास क्षणभर थांबतो, अन्ननलिकेचं तोंड उघडतं. स्नायूंच्या पन्नासेक जोड्या या कामाला लागतात आणि घशातलं काम जेमतेम सेकंदभरात उरकतं. बाळचं फाटक पडतं, पण उशिरा पडतं. आणि मान मागे असली की घास कुणाची वाट बघत नाही, उतारावरून आपला आपण घसरतो. प्रथमोपचारात बेशुद्ध माणसाचा श्वासमार्ग मोकळा करायला मान मागे नेतात. आम्ही नेमकं तेच करत होतो, फक्त हातात वरणभाताचा चमचा घेऊन.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला. आमच्या नाशकात पुराचं माप म्हणजे नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, असं त्याच्यावरून सांगतात. त्या वेळी मारुती पुरता बुडाला. शेजारचे सगळे तो बघायला जाऊन आले, मोबाइलवर चित्रं दाखवत होते, आणि इकडे बाळच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. वर्षभरातला तिसरा न्यूमोनिया. प्रत्येक वेळी आम्ही पावसाला, ओल्या भिंतींना, पंख्याला दोष दिला होता. ज्या खासगी रुग्णालयात नेलं तिथं औषधं चांगली दिली, पण ताप उतरल्या उतरल्या वॉर्डातल्या एका मदतनीस मामांनी त्याला आडवंच ठेवून फीडिंग कपानं चहा पाजला. मी शेजारी उभी होते. मी काही बोलले नाही, कारण आम्हीही तसंच पाजायचो.

तिथल्याच एका तरुण डॉक्टरनं पहिल्यांदा विचारलं, "जेवताना काय होतं?" ३७ वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आई अभिमानानं म्हणाली, "आता काही त्रास नाही हो. लहानपणी फार ठसके लागायचे, आता बरेच कमी झालेत. सुधारलाय." डॉक्टर गप्प झाला आणि त्यानं मुंबईची चिठ्ठी लिहिली.

कसारा घाट उतरून मुंबईला गेलो. ती तपासणी म्हणजे चालता-बोलता एक्स-रे असतो. खाण्यात एक्स-रेत उठून दिसणारं बेरियम कालवतात, माणसाला यंत्रासमोर कडेनं बसवतात आणि घास कुठून कुठे जातो ते पडद्यावर बघतात. अनोळखी हातून बाळ खाईना, म्हणून आईलाच शिशाचा जड एप्रन घालून आत उभं केलं. ती त्या एप्रनात एखाद्या पोवाड्यातल्या बाईसारखी दिसत होती. आधी केळं कुस्करून दिलं: काळा गोळा जरा रेंगाळला, पण मागच्या वाटेनं गेला. मग दाट पेजेसारखं काहीतरी: तेही बरं गेलं. मग पाणी. एक चमचा पाणी. पडद्यावर एक काळा धागा गोळ्याच्या पुढे पळाला आणि सरळ पुढच्या नळीत उतरला. बाळ शांत. डोळ्यांची पापणी हलली नाही.

"पण त्याला ठसका कुठे लागला?" आई म्हणाली.

"तेच तर काकू," तिथल्या मॅडम म्हणाल्या. "लागायला हवा होता."

ठसका हा पहारेकरी असतो. रोज चुकीच्या दारानं कुणी ना कुणी घुसत राहिलं की पहारेकरी हळूहळू हाका मारायचं सोडून देतो. आई ज्याला सुधारणा समजत होती ती ही होती. दर वेळचा न्यूमोनियाही याच वाटेनं आला होता. आणि पाणी, ज्याला आपण सगळ्यात निरुपद्रवी समजतो, जे ठसक्यावरचं औषध म्हणून आपण देतो, तेच त्याच्यासाठी सगळ्यात अवघड. पातळ पदार्थ वेगानं पळतो. उशिरा पडणाऱ्या फाटकाला तो सापडत नाही. परतीच्या वाटेवर इगतपुरीला गाडी थांबवून आम्ही चहा घेतला. बाळला दिला नाही. त्यानं डोळे वर नेले, दोनदा नेले. आईनं आपला कप तसाच सांडून दिला.

गिळण्यावर काम करणारी वाचा-उपचारतज्ज्ञ शोधायला दोन महिने लागले. आपल्याकडे या लोकांना 'स्पीच थेरपिस्ट' म्हणतात, आणि नावामुळेच घोटाळा होतो. जो बोलत नाही आणि बोलणारही नाही त्याला स्पीचवाल्यांकडे कशाला न्यायचं, असं आम्हालाही वाटत आलेलं. शेवटी गंगापूर रोडकडून स्कुटीवरून येणारी एक मुलगी मिळाली. वय असेल अठ्ठावीस-तीस. आल्या आल्या तिनं बाळला हात लावला नाही. म्हणाली, "काकू, तुम्ही रोज जसं भरवता तसं भरवा, मी नुसती बघते." आईनं भरवलं. ती भिंतीला टेकून खाली बसून बघत राहिली, मधूनच वहीत काही टिपत राहिली.

मग तिनं मला खुर्चीत बसवलं. "ताई, वर पंख्याकडे बघा, तोंड उघडं ठेवा आणि आता आवंढा गिळून दाखवा." मला जमेना. तुम्हीही करून बघा. नंतर ती माझ्यासमोर उभी राहून मला मऊ भात भरवायला लागली. टीव्ही लावलेला, एक चमचा संपायच्या आत दुसरा ओठांशी, मधेच चमचा वरच्या दातांवर खरवडून काढलेला, आणि तोंडानं चालूच, "हां, शाब्बास, अजून एक." चौथ्या चमच्याला मी तिचा हात ढकलला. घाबरून ढकलला, खरं सांगते. माझा हात चालतो म्हणून मी ढकलू शकले. बाळजवळ फक्त ओठ होते. ओठ मिटणं हे त्याचं एकुलतं एक वाक्य, आणि ते आम्ही गाल दाबून, चमच्याच्या टोकानं उघडत आलो होतो. प्रेमानं. "पोटात चार घास जाऊ देत" म्हणून.

आई तेव्हा ओट्याशी उभी होती. म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचंच भरवलं?"

त्या मुलीनं उत्तर दिलं नाही. तिनं विचारलं, "काकू, ही पेज कशाची?" नागलीची. आमच्या पेठ-सुरगाण्याकडची. बाकी महाराष्ट्र तिला नाचणी म्हणतो. "पाणी किती घालता?" आईला माप सांगता येईना, तिचं सगळं अंदाजानं. मुलीनं पिशवीतून दहा मिलीची सिरिंज काढली, खालचं छिद्र बोटानं बंद केलं, पेज भरली, बोट काढलं आणि घड्याळ लावून दहा सेकंदांनी पुन्हा बंद केलं. सहा मिली उरली. आता बऱ्याच देशांत पातळ-दाटपणाची एकच मोजपट्टी वापरतात, ० ते ७. साधं पाणी ०; दहा सेकंदांत चार ते आठ मिली उरलं तर २. मुंबईच्या रिपोर्टात बाळसाठी दोनच लिहिलं होतं. आई ते गेली कित्येक वर्षं डोळे झाकून करत होती. मुलीनं ती कृती वहीत उतरवून घेतली: किती वेळ ढवळायची, गॅस कधी बंद. आईनं सांगितली, पण चेहरा काही मोकळा झाला नाही. तो पुढे आठवडाभर तसाच होता.

त्यानंतर आमच्या घरातली भांडीकुंडी जरा हलली. बाळ आडवा जेवायचा बंद झाला. खुर्चीत कंबर पार मागे, मानेशी टॉवेलाची गुंडाळी, हनुवटी किंचित खाली. (ही हनुवटी त्याच्यापुरती, सगळ्यांनाच ती लागू पडते असं नाही, हे तिनं तीनदा बजावलं.) पायाखाली दोन पाट. पाट कशाला, असं मला वाटलं होतं. तर पाय अधांतरी असले की कंबर डळमळते आणि कंबर डळमळली की मान. भरवणारीनं उभं राहायचं नाही, स्टुलावर बसायचं, त्याच्या डोळ्यांच्या रेषेत. चमचा उथळ, अर्धाच भरलेला, समोरून आणि खालून. वरच्या ओठानं त्यानं स्वतः घास ओढून घ्यायचा. गळ्याची गाठ वर जाऊन खाली येईपर्यंत दुसरा चमचा वाटीतच. मधूनच त्याला 'आ' करायला लावायचं. आवाजात गुळण्या केल्यासारखी घरघर आली की थांबायचं. जेवण झालं तरी अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. दात मात्र दोनदा घासायचे, आणि हे मला सगळ्यात नवं होतं: लाळ तर रात्रभर चुकीच्या वाटेनं जात असते, तिच्यातून तोंडातले जंतूच खाली उतरू नयेत म्हणून. फेफऱ्याची गोळी कुटून द्यायची आमची सवयही तिनं डॉक्टरांना विचारायला लावली. काही गोळ्या कुटायच्या नसतातच.

पेजेचेही नखरे असतात. निवली की दाट होते, म्हणून माप भरवायच्या वेळेचं धरायचं, उतरवायच्या वेळेचं नाही. आणि उष्टा चमचा परत परत वाटीत बुडवला की ती पातळ होत जाते, कारण लाळेत पिष्ट फोडणारा पाचक रस असतो. म्हणून आता दोन वाट्या. आईस्क्रीम घट्ट दिसतं, तोंडात पाणीच होतं. ते शून्यात धरायचं. कुल्फीही तशीच. आई म्हणाली, "ज्याला त्याला याच्या जिभेनं बघायला लागतं आता."

नाशकात राहून हे सोपं नाही. जानेवारी लागला की घरोघर द्राक्षांच्या पेट्या. द्राक्ष गोल, गुळगुळीत, बरोबर श्वासनलिकेला बुच बसेल एवढं. लहान मुलांनासुद्धा ते उभं चिरल्याशिवाय देऊ नये. आमच्याकडे येणारे मात्र लाडानं अख्खं द्राक्ष बाळच्या तोंडात टाकणार. पेढ्याचंही तसंच. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. एका मावशींचा हात मी धरला तर त्या वर्षभर आमच्याकडे आल्या नाहीत. शेवटी मी बाळच्या खुर्चीच्या पाठीला पाटी लावली: 'मला विचारल्याशिवाय भरवू नका.' 'मला' म्हणजे कुणाला, यावर घरात वाद झाला. मी लिहिताना माझ्याबद्दल लिहिलं होतं, हे कबूल करते. आता वाचताना ते त्याचं वाटतं.

आणि मिसळ. बाळला मिसळीचा वास आला की मान आपोआप वळते. ती मुलगी हसून म्हणाली, "काकू, मिसळ म्हणजे बारावीचा गणिताचा पेपर आहे. पातळ रस्सा, कोरडं फरसाण, सालवाली मटकी, कच्चा कांदा, सगळं एकाच घासात." पातळ आणि घन एकत्र आलं की घसा गोंधळतो. दाणे चावावेत तर रस्सा पुढे पळतो. आई मान हलवत राहिली आणि रविवारी पहाटे उठून तिनं मटकी पुरणयंत्रात घातली. सालं वर राहिली. खाली आलेल्या लगद्यात काळ्या मसाल्याचा रस्सा, भिजलेली शेव, भाजलेला कांदा असं सगळं घालून मिक्सरला लावलं. चमचा कलता केला की गोळा एकदम सुटून पडला पाहिजे, पसरायचा नाही, चिकटायचा नाही. तीन वेळा फसलं. चौथ्यांदा पडलं. रंग बघून मी नाक मुरडलं. बाळनं पहिल्या चमच्याला डोळे असे वर नेले की बुबुळं दिसेनाशी झाली.

सगळं गोड झालं असं नाही. दाट केलेल्या पाण्यानं त्याची तहान भागत नाही. दाट चहाला तो ओठ मिटतो, आणि मी त्याला दोष देणार नाही, मी चाखून बघितलाय. पाणी कमी गेलं की शौचाला खडा होतो, लघवी पिवळी होते. म्हणून कॅलेंडरवर जिथे पूर्वी दुधाचा हिशेब असायचा तिथे आता त्याच्या पाण्याचे पेले, ताप आणि महिन्याचं वजन लिहितो. दात घासून झाल्यावर, तोंडात घासाचा कण नसताना, काही चमचे साधं पाणी द्यायची परवानगी त्या मुलीनं त्याची छाती आणि तब्येत बघून दिलीये. ते पाणी तो ज्या चवीनं पितो, तसं पाणी पिताना मी दुसरं कुणाला पाहिलेलं नाही.

नळीनं भरवण्याचाही प्रश्न आहेच. त्या ऑगस्टमध्ये अकरा दिवस नाकातून नळी होती. डॉक्टरांनी पोटातून कायमची नळी बसवण्याबद्दल विचारलं तेव्हा आई म्हणाली, "तोंडाची चव काढून घेतली तर त्याच्याकडे उरलं काय?" मला तेव्हा ते शंभर टक्के पटलं. आता तेवढं पटत नाही. नळी असलेली मुलंही दोन-चार चमचे चवीपुरतं खातात, हे मी पाहिलंय. आणि नळीनं लाळ थांबत नाही, पोटातलं वर येणं थांबत नाही, हेही ऐकलंय. वय वाढतं तसं अशा माणसांचं गिळणं इतरांपेक्षा लवकर थकतं, असं ती मुलगी सांगते. कॅलेंडरवरचा वजनाचा आकडा खाली यायला लागला तर आम्ही तिघं पुन्हा बसू. तिघं म्हणजे बाळ धरून.

दोन वर्षांपूर्वी आईचा उजवा खांदा आखडला आणि भरवणं माझ्याकडे आलं. पहिले काही महिने ती स्टुलामागे उभी राहायची आणि माझ्या प्रत्येक चमच्याबरोबर तिचं स्वतःचं तोंड उघडायचं. मूल भरवणाऱ्या सगळ्या बायकांचं उघडतं, माझंही उघडतं. जेवण आता चाळीस मिनिटांचं पंचवीसवर आलंय. चमचे कमी जातात, उरतं जास्त, पण त्या ऑगस्टनंतर न्यूमोनिया एकदाच झाला.

गेल्या रविवारी पुन्हा मिसळ होती. बाळनं बारा चमचे खाल्ले आणि ओठ मिटले. मी वाटी खाली ठेवली. आईला उरलेलं टाकवत नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ती त्याची वाटी पुसून खायला लागली, वर आमच्या मिसळीतला रस्सा ओतून घेतला, आणि कुणाशी तरी बोलता बोलता तिला असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, वर बघ!"

खुर्चीतून बाळ हसला. मोठ्यांदा, सगळं अंग उडवत, पाटावरचे पाय आपटत. आई खोकता खोकता मान खाली घालून त्याच्याकडे हात करत होती, थांब म्हणून, आणि तो काही केल्या थांबेना.